पाठीतली माया

आमच्या कार्यशाळेत सूट नेहमी उलटे टांगलेले असतात. बूट वर छताकडे आणि मान खाली जमिनीकडे. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला ते दृश्य चमत्कारिक वाटते. कारण अगदी साधे आहे. थंड पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्याचा ड्रायसूट म्हणजे बुटांसकट एकसंध असा अंगभर पोशाख. अंगात चढायला छातीवर एक जलरोधक चेन; ती लावली की मान आणि दोन मनगटे एवढीच त्याची तोंडे, आणि तीही रबरी सीलने आवळलेली. आत उबदार कपडे घालायचे आणि पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. धुतल्यावर तो सरळ टांगला, तर उरलेला ओलावा बुटांत साचतो आणि कापडाच्या आतला रबरी थर हळूहळू सुटू लागतो. उलटा टांगला, तर ओलावा गळ्यातून निघून जातो.

मी तंत्रनिकेतनात शिकलो आणि पुढे तिथेच यंत्र-आरेखन शिकवले, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. निवृत्तीनंतर तेरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हे काम सुरू केले. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. मापे, आराखडे, सुटात हवा भरण्या-सोडण्याचे व्हॉल्व्ह, चेन, सील आणि दाबाची चाचणी माझ्याकडे. कापणे, शिवणे आणि शिवणीवर आतून गरम टेप बसवणे बायकोकडे. तिने आधी तीस वर्षे शाळेचे गणवेश शिवले आहेत. माझ्या आराखड्यांना ती ‘तुमची कुंडली’ म्हणते.

आमच्या गिऱ्हाइकांत पाणकोंबडी ही सर्वांत शिस्तीची. हे नाव तिला तिच्या टोळीने दिले, कारण वर आली की ती मान झटकून आधी चारी दिशांना बघते आणि मगच मुखवटा काढते. वय एक्कावन्न. पुलांचे खांब आणि गोदीच्या भिंती पाण्याखाली जाऊन तपासणे हा तिचा व्यवसाय. तिचा पहिला सूट आम्ही अकरा वर्षांपूर्वी शिवला होता. तो दरवर्षी तपासणीला येई तेव्हा मला दोष काढायला काही उरतच नसे. चेनच्या दातांवर मेण लावलेले, सीलवर पावडर भुरभुरलेली, गोड्या पाण्याने धुतल्यामुळे व्हॉल्व्हमध्ये मिठाचा कणसुद्धा नाही. इतर लोक सूट आणतात तो गाडीच्या मागच्या बाजूला बोळा करून. ही तो बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन येई.

या वर्षी मात्र आतला रबरी थर वयोमानाने दोन्ही गुडघ्यांवर सुटला होता. नवा शिवणे भाग होते.

“मापं घेऊ या,” मी टेप काढत म्हणालो. माझ्या पत्रकात चौदा मापे असतात.

“कशाला मास्तर? तीच आहेत. अकरा वर्षांत वजन दोन किलो इकडे नाही की तिकडे नाही.”

“तरीपण.”

“खाली गाडी उभी केलीय, मुकादम वाट बघतोय. आधीच तो माझ्या नावानं बोटं मोडतो. तुमच्याकडे माझं कार्ड आहे ना?”

कार्ड होतेच. माझ्याकडे प्रत्येकाचे असते. मी एक पर्यायी पद्धत वापरली. तिचा जुना सूट टेबलावर पसरून मोजला आणि कार्डाशी ताडून पाहिला. छाती, पाठ, बाही, मांडी, सगळे आकडे जुळले. अकरा वर्षांत तो सूट सूतभरही ताणला गेला नव्हता. मी समाधानाने कार्डावर ‘बदल नाही’ असे लिहिले. कपडा बदलला नाही, यावरून माणूसही बदलला नाही, असा निष्कर्ष मी काढला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

मी आकडे जुळवत होतो, तेवढा वेळ बायको दाराशी तिच्याशी बोलत होती. पाणकोंबडीने निघण्यापूर्वी केसांचा रबर सोडून पुन्हा बांधला, एवढे मी पाहिले. बायकोने काय पाहिले, ते मला पुढे कळले.

दोन दिवसांनी पाठीचे भाग कापायला घेतले, तेव्हा बायकोने विचारले, “माया किती सोडू?”

हा शब्द मला आराखड्यात कधीच आवडला नाही. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचे कापड आत दुमडून ठेवतात, त्याला आमच्या पुस्तकात ‘शिवणीची अधिक रुंदी’ असे नेमके नाव होते. शिंपीकाम करणारे सगळे त्याला माया म्हणतात.

“सहा मिलिमीटर. लिहिलंय तिथं.”

“पाठीलासुद्धा?”

“पाठीला काय वेगळं? अगं, हा ड्रायसूट आहे, वाढत्या अंगाच्या पोराचा गणवेश नाही. सैल झाला की आतली हवा इकडून तिकडे पळते. पायात गेली, तर माणूस पाण्यात उलटा होतो. झबलं घालून कोणी समुद्रात जात नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिच्या ‘बरं’चे निदान चार प्रकार ओळखता यायला हवे होते. मला दोनच येतात.

सूट शिवून झाला. मी आतून प्रत्येक शिवण बोटाने तपासतो. पाठीच्या मधल्या शिवणीवर नेहमीच्या टेपऐवजी दुप्पट रुंदीची टेप होती. विचारले, तर तिने शिलाई यंत्रावरून मान न उचलता सांगितले, “अरुंद संपली होती.”

मी नोंदवहीत लिहिले: ‘अरुंद टेप संपली. मागवणे.’ रीतसर मागवलीही. आठवड्याने पार्सल आले, तेव्हा फळीवर अरुंद टेपची दोन न फोडलेली रिळे आधीच होती. मी तिसरे त्यांच्याशेजारी ठेवले आणि साठ्याच्या नोंदीत चूक झाली असावी असे समजून ती दुरुस्त केली.

सील आणि व्हॉल्व्ह बसवून दाबाची चाचणी घेतली. मनगटांत डबे, गळ्यात मोठी बाटली खुपसून सूट फुगवला आणि सर्व शिवणींवर साबणाचे पाणी फासले. एकही बुडबुडा नाही. शुक्रवारी सकाळी पाणकोंबडीला बोलावले.

ती आली, आतले लोकरी कपडे घातले, मग सूट चढवला. मनगटांच्या सीलमधून हात अलगद गेले, मान बसली. उकिडवे बसून आतली हवा गळ्यातून सोडली, गुडघे वाकवले, वळली. अंगावर ओतल्यासारखा दिसत होता. माझी छाती, खरे सांगायचे तर, थोडी फुगली.

“आता सिलिंडर,” मी म्हणालो आणि रिकामा सिलिंडर तिच्या पाठीवर बांधला.

हे मी प्रत्येकाला करायला लावतो. हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पाणबुड्याच्या मानेमागे असतो. तो गळू लागला, तर पाण्याखाली दुसरे कोणी बंद करायला येईपर्यंत थांबता येत नाही. स्वतःचा उजवा हात डोक्यावरून मागे नेऊन तो फिरवावा लागतो. तिच्या टोळीत दरवर्षी त्याची परीक्षा असते. तीस सेकंदांत व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडायचा. येत्या गुरुवारी ती होती.

पाणकोंबडीने हात उचलला. कोपर कानापर्यंतही गेले नाही. तिने मान वाकवली, कंबर तिरकी केली. बोटे हवेत व्हॉल्व्हपासून चार बोटे अलीकडे वळवळली आणि थांबली.

“पुन्हा,” मी म्हणालो.

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पाठीचे कापड दोरीसारखे ताणले गेलेले मला दिसले. तिने हात खाली घेतला आणि स्टुलावर बसली.

“जुन्या सुटात होत होतं?” मी विचारले.

तिने उजवा खांदा चोळला. “मागच्या वर्षी होत होतं. गेल्या हिवाळ्यात हा खांदा आखडला. मला वाटलं, जुना सूट कडक झालाय. नवा आला की होईल.”

“मग मापं तीच आहेत असं का सांगितलंस?”

“तीच आहेत ना! छाती मोजा, कंबर मोजा. हात वर होत नाही, हे तुमच्या चौदा मापांत कुठं आहे?”

चौदाही मापे मी हात खाली सोडून सरळ उभ्या असलेल्या माणसाची घेतो. तसा कोणताही पाणबुड्या पाण्याखाली उभा राहत नाही.

“मुकादमाला कळलं, तर मला होडीत बसवतील,” ती सिलिंडरचा पट्टा सोडत म्हणाली. “दोर धरायला. सव्वीस वर्षं मी खाली गेलेय मास्तर. कुठल्या खांबाला कुठं भेग आहे, मला डोळे मिटून सांगता येतं. आता वर बसून थर्मासमधला चहा ओतून देऊ सगळ्यांना?”

“चहा वाईट करतेस का तू?” बायकोने आतल्या खोलीतून विचारले.

“वहिनी, थट्टा सुचतेय तुम्हाला.”

“सुचणारच. डॉक्टरकडे गेली होतीस?”

“व्यायाम दिलेत. म्हणतात, सहा महिने लागतील.”

मी दरम्यान हिशेब करत होतो. पाठीचा नवा भाग कापायचा, तर त्या जातीचे कापड शिल्लक नव्हते. गिरणीतून यायला तीन आठवडे. जुन्या सुटाचे कापड वापरण्याजोगे नव्हते. मी जे होते ते तिला सांगितले. गुरुवारपर्यंत काही होणे शक्य दिसत नाही, आणि दुसरी गोष्ट अशी की जिला व्हॉल्व्हपर्यंत पोहोचता येत नाही, तिने खाली जाऊही नये. हे बोलणे कठोर होते, पण मी शिवलेल्या सुटात कोणाचा जीव जावा हे मला चालण्यासारखे नव्हते.

“ते मलाही कळतं,” ती म्हणाली. “पोहोचता येत नसेल तर मी स्वतःच जाणार नाही. पण कापडामुळे अडतंय की माझ्यामुळे, एवढं तरी सांगा मला.”

बायको हात पुसत बाहेर आली. “सूट काढ आणि नुसत्या लोकरीच्या कपड्यांवर सिलिंडर लाव.”

पाणकोंबडीने तसे केले. हात उचलला. कोपर पुन्हा कानाखालीच अडले. पण या वेळी तिने पाठ मांजरासारखी फुगवली, खांद्याचे पाते बाहेर सरकले आणि बोटे व्हॉल्व्हवर टेकली. तिने तो फिरवला. बंद. उघडा.

“बघितलंत?” बायको मला म्हणाली. “तिचा हात खांद्यातून उचलला जात नाही, पाठीतून उचलला जातो. त्याला पाठीत कापड लागतं.”

“ते बरोबर आहे. पण कापड आणायचं कुठून?”

“टेप सोलून बघा.”

“कुठली टेप?”

“अरुंद संपली होती ती,” बायको म्हणाली, आणि पाणकोंबडीसाठी पाणी आणायला आत गेली.

मी सूट उलटा करून टेबलावर पसरला. गरम हवेच्या यंत्राने मधल्या शिवणीवरच्या टेपचे टोक सैल केले आणि चिमट्याने ती सावकाश सोलली. खाली कापड सहा मिलिमीटर नव्हते. दोन्ही बाजूंना ते दुमडून सपाट बसवलेले होते; खांद्याच्या पात्यांच्या मधोमध सव्वीस मिलिमीटर, आणि वर गळ्याकडे व खाली कमरेकडे कमी होत होत आराखड्यातल्या सहावर आलेले. म्हणजे शिवण बाहेर सरकवली, तर पाठ फक्त पात्यांपाशी वाढणार होती. कंबर, छाती, जिथे हवा साठण्याची मला धास्ती होती, तिथे सूट तसाच अंगासरशी राहणार होता. ती वक्ररेषा कंपासाशिवाय काढलेली होती आणि तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या कोणी ती काढली असती, तर मी लगेच कौतुक केले असते. त्या क्षणी मात्र मला राग आला.

“आराखड्यात सहा लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“होतं.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“विचारलं होतं. तुम्ही झबल्यावर भाषण दिलंत.”

पाणकोंबडी पाण्याचा पेला तोंडाला लावून हसू दाबत होती. “पण वहिनी, तुम्हाला कसं कळलं? मी तर कोणाला बोलले नव्हते.”

“त्या दिवशी दारात केस बांधलेस. माणूस हात वर नेऊन केस बांधतो. तू मान खाली घालून केस हातांपाशी आणलेस. माझ्या आईचा खांदा गेला होता, तेव्हा ती अगदी अशीच बांधायची.”

“मग तेव्हाच बोलायचं होतं की!”

“तू मापं द्यायला तयार नव्हतीस, आमचे हे लिहिलेल्याच्या बाहेर जायला तयार नव्हते. मी कोणाशी बोलू? कापडाशी बोलले.”

माझा राग त्यानंतर टिकला नाही. टिकवायला वेळही नव्हता. शिवण सरकवणे सोपे, पण जुन्या शिवणीच्या सुईची भोके आता उघड्या कापडावर येणार होती. साधा कपडा असता, तर इस्त्रीने निभावले असते. इथे प्रत्येक भोक म्हणजे गळती. मी भिंगाखाली ती मोजली: एका बाजूला दोनशे सहा, दुसऱ्या बाजूला दोनशे चार. बायकोने शनिवारी सकाळी जुनी शिवण उसवली आणि सहा मिलिमीटर काठ ठेवून नवी घातली. पात्यांपाशी एकूण चार सेंटिमीटर मिळाले. मी भोकांच्या दोन्ही ओळींवर चिकटद्रव्याचा पातळ हात दिला, तो पूर्ण वाळू दिला, दुसरा दिला. सोमवारी तिने नव्या शिवणीवर एक आणि भोकांवर दोन अशा तीन पट्ट्या गरम यंत्रातून काढल्या. या वेळी मी शेजारी उभा राहून प्रत्येक पट्टीची रुंदी विचारली आणि तिने प्रत्येक वेळी खरी सांगितली.

मंगळवारी दाबाची चाचणी. साबणाचे पाणी लावताना पाठीवर एक बुडबुडा आला. जुन्या ओळीतल्या वरून सतराव्या भोकापाशी टेपखाली केसाएवढी सुरकुती राहिली होती. तेवढा तुकडा काढून पुन्हा बसवला. दुपारी सूट दोन तास फुगवून ठेवला. दाब जसाच्या तसा.

बुधवारी पाणकोंबडी आली. सूट घातला, सिलिंडर चढवला. मी घड्याळ हातात घेतले.

“एकदा जमलं म्हणून मी सोडणार नाही,” मी बजावले. “दहापैकी दहा वेळा. एक जरी चुकली, तर मी स्वतः मुकादमाला फोन करीन.”

“मास्तर, तुम्ही वर्गात पण असेच होता का?”

“याहून वाईट. कर सुरू.”

तिने पाठ फुगवली. कापड तिच्याबरोबर गेले, ताणले नाही, अडले नाही. बोटे व्हॉल्व्हवर पोहोचली. बंद, उघडा. चोवीस सेकंद. दुसऱ्यांदा बावीस. पाचव्या वेळी ती धापा टाकू लागली, तेव्हा मी तिला दोन मिनिटे बसवले. सातव्या वेळी बोटे निसटली, पण तिने हात खाली न आणता पुन्हा पकड घेतली: अठ्ठावीस. दहाव्या वेळी तेवीस. मग मी तिला आडवे झोपवून पाय वर धरायला लावले, हवा पायांकडे धावते का ते पाहायला. धावली नाही.

“झालं?” तिने जमिनीवरूनच विचारले.

“झालं. व्यायाम मात्र सोडायचे नाहीत. कापडाने जेवढं द्यायचं तेवढं दिलं, बाकीचं खांद्यानं द्यायचं.”

गुरुवारी दुपारी फोन वाजला. तो मला नव्हता, बायकोला होता. तिने ऐकून घेतले, “बरं, बरं, जास्त उड्या मारू नकोस,” असे म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा यंत्राशी बसली. मी निकाल विचारला.

“एकवीस सेकंद,” ती म्हणाली. “मुकादमानं घड्याळ दोनदा बघितलं म्हणे.”

त्या संध्याकाळी मी मापांचे पत्रक नव्याने आखले. चौदाच्या खाली पंधरावे माप घातले: ‘हात व्हॉल्व्हकडे नेताना पाठीची रुंदी.’ त्याच्या पुढे शेरा लिहायला चार ओळींची जागा सोडली. चार ओळींत काय लिहायचे, असे बायकोने विचारले. तुला जे दिसेल ते, असे मी सांगितले. ती म्हणाली, “चार पुरणार नाहीत.”

वर्षभराने पाणकोंबडी वार्षिक तपासणीसाठी सूट घेऊन आली, नेहमीप्रमाणे दोन्ही हातांवर. मेण, पावडर, सगळे जिथल्या तिथे. आम्ही तो उलटा टांगला. तिने केसांचा रबर सोडला आणि पुन्हा बांधला. मान थोडीच वाकली, कोपर कानाच्या वर गेले. बायकोने पाहिले. मीही पाहिले.

“मास्तर, अजून काही माया उरलीय का हो आत?” पाणकोंबडीने विचारले. “नाही, म्हटलं, पुढच्या वर्षी पोट सुटलं तर?”

“सहा मिलिमीटर,” मी म्हणालो. “आराखड्याप्रमाणे.”

बायको दोरा ओवत होती. मी सूट आतून उलटा करून एकेक शिवण बोटाने तपासत गेलो. मनगटे, बाह्या, पाठ. दोन्ही कुशींच्या शिवणींवर माझे बोट जरा थबकले. तिथली टेप नेहमीपेक्षा रुंद होती; पहिल्या वेळी पाठीच्या टेपपाशीच अडकल्यामुळे ती माझ्या बोटांतून सुटली होती. मी पुढे सरकलो आणि नोंदवहीत लिहिले: ‘टेप ठीक.’